मागच्या दाराची मोजदाद

बुलढाण्याहून भोकरदनकडे निघालं की जिल्हा संपायच्या थोडं आधी धाड लागतं. पलीकडे जालना जिल्हा, मराठवाडा. सप्टेंबर 1948 पर्यंत ती दोन मुलखांची सरहद्द होती. अलीकडे वऱ्हाड, पलीकडे निजामाचं राज्य. पैसासुद्धा वेगळा, तिकडे हाली सिक्का चाले. सोयरिकी मात्र सरहद्द बघून होत नव्हत्या. पलीकडची लेक अलीकडे सून म्हणून आली की पहिल्या-दुसऱ्या खेपेला माहेराहून बियांची पुरचुंडी घेऊन यायची. इकडच्या परसांत जे पिकत होतं, त्यातलं बरंचसं असं आलेलं. मागच्या दारातून बाहेर पडलं की कुंपणापर्यंत जेवढी जागा, तेवढ्यातल्या हरवत चाललेल्या वस्तू मी इथे मांडते आहे.

माहेरचं बी. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं. वाल, दोडकं, गिलकं, भोपळा, वाळूक, चवळी, वांगं, मिरची. बियाला जातीचं नाव नसे, माणसाचं असे: पारधच्या आत्याचा वाल, वालसावंगीच्या मावशीचं गिलकं. एकीचा वाल जांभळ्या कडेचा, दुसरीचा पांढरा न् रुंद, तिसरीचा उशिरा लागणारा पण संक्रांत उलटली तरी शेंगा देणारा. बियासाठी वेलावरचं सर्वांत चांगलं फळ सोडायचं. पोराटोरांनी तोडू नये म्हणून त्याच्या देठाला चिंधी बांधायची. दोडकं वेलावरच वाळू द्यायचं. हलवलं की आत बी खुळखुळलं पाहिजे. वांगं पिवळं पडून मऊ होईस्तोवर ठेवायचं. काकडी-वाळकाचं बी धुऊन, राखेत घोळून, ओल्या शेणात दाबायचं आणि ती गोवरी भिंतीला थापायची. मृगाला गोवरी फोडली की बी जसंच्या तसं. भोपळा तर अख्खाच आढ्याला टांगलेला असे.

या मोजदादीत सर्वांत मोठी वस्तू मी हीच धरते. धाडहून भोकरदन ओलांडून पुढे गेलं की जालना. तिथे 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाण्यांची कंपनी उभी केली. त्यांची सुरुवात पुसा सावनी या भेंडीच्या बियाण्यापासून झाली होती. 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. जालन्यानं बियाण्यांत देशभर नाव कमावलं. संकरित भेंडी-मिरचीनं या भागातल्या शेतकऱ्याच्या हातात रोख पैसा आला, आणि तो पैसा लागतच होता. पण संकरित फळातलं बी राखून पेरलं तर पुढल्या साली तसंच झाड येत नाही. दरसाल पाकीट घ्यावं लागतं. पाकिटाची सवय लागली तसं चिंधी बांधणं सुटलं. एकदा एका पावसाळ्यात बी पेरायचं राहिलं की दोन-तीन वर्षांत त्याची उगवण मरते. मग ती पारधच्या आत्याची ओळ तिथेच संपते.

आपल्याच जिल्ह्यातल्या देऊळगाव राजा तालुक्यात आज शेडनेटखाली भाज्यांचं बीजोत्पादन चालतं. कळी उमलायच्या आत चिमट्यानं उघडायची, पुंकेसर काढून टाकायचे, दुसऱ्या झाडाचे पराग लावायचे, खूण बांधायची. हे बारकाईचं काम बहुतेक बायाच करतात. देठाला खूण बांधणं त्यांना नवं नाही. फरक इतकाच की बी कंपनीकडे जातं आणि बाईला रोज मिळतो. रोज मिळतो हे चांगलंच आहे. पण घरी जाताना त्या वाटेत भाजी विकत घेतात, आणि त्यांच्या परसात पुढल्या मृगासाठी राखलेलं काही नसतं.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वालाचे कितीतरी वाण जपले, त्यांना 2020 चा पद्मश्री जाहीर झाला. त्यांची पद्धतही राख आणि मडकं हीच. म्हणजे हे ज्ञान सगळीकडून गेलेलं नाही.

राख. चूल होती तोवर राख फुकट होती आणि तिला कामं पुष्कळ होती. भांडी घासायला राख. भोपळ्याच्या कोवळ्या पानांवर लाल भुंगे बसले की पहाटेच्या दवात मूठमूठ राख धुरळायची. ओल्या पानाला ती चिकटून बसे. बियाला राख. कोंबड्यांना लोळायला राखेचा खड्डा, त्यात अंग घुसळलं की पिसांतल्या उवा जात. अंडी उबवायच्या टोपल्यात तळाला राख. 1 मे 2016 ला उज्ज्वला योजना सुरू झाली, त्याआधीही ऐपत असेल तिथे गॅस आला होता. चुलीच्या धुरानं बायांच्या डोळ्यांचं आणि छातीचं काय केलं ते मी पाहिलं आहे. गॅस आला याचं मला समाधानच आहे. पण राखेवर उभी असलेली ही सगळी कामं एकदम पोरकी झाली, आणि त्या प्रत्येक कामासाठी आता दुकानातून वेगळी पुडी आणावी लागते.

न्हाणीचं पाणी. राखेनं घासलेल्या भांड्यांचं पाणी केळीला, अळूला, वालाच्या आळ्याला चाले. आता त्यात साबणाचा फेस असतो आणि ते सिमेंटच्या नालीतून गावाबाहेर जातं. घाटावरच्या गावांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. पिण्याचं पाणी मोजून, तिथे वेलाला कुठलं?

उकंडा. परसाच्या कोपऱ्यात, गोठ्याला लागून. शेण, उरलासुरला चारा, भाजीची देठं, कोंबड्यांची विष्ठा. दिवसभर कोंबड्या तो उकरायच्या, अळ्या-किडे वेचायच्या आणि खत मोकळं करून ठेवायच्या. बैलजोडी विकून ट्रॅक्टर भाड्यानं सांगायला लागल्यावर शेण आटलं.

पऱ्हाटीचं कुंपण आणि तुराटीचा मांडव. कपाशी वेचून झाली की पऱ्हाट्या घरी येत, तुरीचं खळं झालं की तुराट्या. अर्ध्या चुलीला, उरलेल्या कुंपणाला. भाजी आणि कोंबड्या एकाच परसात नांदवणं सोपं नसतं. मेथीचा वाफा भिजवून घर गाठेपर्यंत कोंबडीनं तो उकरलेला असतो. म्हणून वाफ्यावर बोरीच्या काट्या पसरायच्या, मिरचीच्या रोपांवर पालथं डालं घालायचं, आणि रोपं गुडघ्याएवढी झाली की काट्या उचलून कोंबड्यांना आत सोडायचं, कारण आता त्या रोप सोडून कीडच टिपणार. कधी सोडायचं हे रोपाकडे बघून ठरत असे. याचं कुणी कागदावर टिपण केलेलं मला आढळलं नाही. या एका गोष्टीसाठी मी अनेक म्हाताऱ्या बायांशी बोलत राहिले, आणि प्रत्येकीचा अंदाज आपापल्या मातीप्रमाणे थोडा वेगळा निघाला.

खुडूक कोंबडी. इथे थोडं थांबते.

गावरान कोंबडी दहा-पंधरा अंडी घालते आणि मग खुडूक होते. पिसं फुलवते, घशातल्या घशात क्लक-क्लक करते, हात लावला तर चावायला येते, खुराड्यातून उठत नाही. अंडी विकायची असतील तर बाई तिला पाण्यात बुचकळून काढी, म्हणजे तिची ऊब उतरे. पिल्लं काढायची असतील तर बसवायची तयारी सुरू. बुरडाकडचं बांबूचं टोपलं. तळाला राख, वर गव्हांडा किंवा मऊ गवत. अंडी ताजी, आठ-दहा दिवसांच्या आतली, मध्यम आकाराची; फार लांबट किंवा वेडंवाकडं अंडं बाजूला. संख्या विषम: नऊ, अकरा, फार तर तेरा, कोंबडीच्या पंखाखाली मावतील तेवढीच. टोपल्यात एक कोळसा किंवा लोखंडी खिळा ठेवायचा, विजेच्या कडकडाटानं अंडी बिघडू नयेत म्हणून. घरातला अंधारा, वर्दळ नसलेला कोपरा.

सातव्या-आठव्या दिवशी अंधारात एकेक अंडं बॅटरीसमोर धरायचं. पूर्वी कवाडाच्या फटीतून येणाऱ्या उन्हासमोर धरत, बोटांची नळी करून. आत काळपट ठिपका आणि त्यातून फुटलेल्या लाल शिरा दिसल्या की अंडं धरलं. नुसतंच पिवळं, आरपार उजेड दिसला की ते काढून घ्यायचं. कोंबडी दिवसातून एकदाच उठते; चार दाणे, दोन घोट पाणी, एकदा विष्ठा, राखेत एक लोळण, की परत. तेवढ्यातही अंडी गार पडू नयेत म्हणून काही जणी वर फडकं टाकत. मधूनमधून ती स्वतः चोचीनं अंडी उलटी-सुलटी करते, कडेची आत, आतली कडेला. एकविसाव्या दिवशी कवचाला पहिला तडा. पिल्लाला आपणहून बाहेर येऊ द्यायचं असतं. घाईनं सोललं तर रक्त येतं आणि ते जगत नाही. पिल्लं सुकली की ज्वारीच्या बारीक कण्या जमिनीवर टाकायच्या. त्या वेचायला त्यांची माय शिकवते, ‘ये-ये’ करून बोलावते आणि आपण न खाता चोचीनं दाखवते.

धंद्याच्या पोल्ट्रीत अंड्यावरच्या कोंबड्यांच्या वाणातून खुडूकपण पिढ्यान्‌पिढ्या निवड करून काढून टाकलं आहे. वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देणाऱ्या कोंबडीला बसून राहायला सवड नाही. गावरान वर्षाला पन्नास-साठ, फार तर ऐंशी. हिशेब करणारा तीनशेकडेच जाणार. पण तीनशेवालीला रोज विकतचं खाद्य लागतं आणि ती स्वतः एकही पिल्लू काढत नाही. संपली की पुन्हा हॅचरीतून आणायची. बियाच्या पाकिटाची गोष्ट इथे पुन्हा आली.

ज्वारीच्या कण्या. ज्वारी दळायच्या आधी सुपात पाखडली की कण्या, फोलपटं, माती-खडे वेगळे होत. ते सूप परसाच्या दारात झटकलं की साऱ्या कोंबड्या धावत. खळ्यावर तर महिनाभर मेजवानी. नव्वदच्या दशकापासून घाटावर सोयाबीन पसरलं आणि ज्वारी, मूग, उडीद मागे हटले. सोयाबीन परसातल्या कोंबडीच्या उपयोगाचं नाही; कच्च्या सोयाबीनमध्ये पचन रोखणारे घटक असतात, भाजल्या-शिजवल्याशिवाय ते कोंबडीला मानवत नाही. सोयाबीन तेलगिरणीत जातं, तिथून पेंड निघते, पेंड खाद्य-कारखान्यात जाते, आणि तेच सोयाबीन ब्रॉयलरच्या पोटातून मांस होऊन आठवडी बाजारात परत येतं. धाडच्या शेतातला दाणा धाडच्या कोंबडीपर्यंत यायला आधी चार पावलं लागायची. आता तो शेकडो मैल फिरून येतो आणि वाटेत प्रत्येकाचा नफा त्यात मिळतो. परसातली कोंबडी कमी झाली त्याचं पहिलं कारण मी हे मानते. लोक रोगाचं नाव आधी घेतात.

रोगही होताच. मानमोडी एकदा गल्लीत शिरली की आठवड्यात खुराडी रिकामी. मान वाकडी, हिरवट विष्ठा, पाय लुळे. हिला लस आहे, आणि स्वस्त आहे. पण एका कुपीत शंभर किंवा त्याहून जास्त मात्रा असतात, कुपी बर्फावर ठेवावी लागते, आणि एकदा औषध मिसळलं की तासा-दोन तासांत संपवावं लागतं. सहा कोंबड्यांच्या मालकिणीनं ती कुपी घेऊन काय करायचं? सगळी गल्ली एका सकाळी एकत्र आली तरच तो हिशेब जमतो. फेब्रुवारी 2006 मध्ये नवापूरला बर्ड फ्लू निघाला, मार्चमध्ये तो शेजारच्या जळगाव जिल्ह्यातल्या गावांत सापडला आणि तिथल्या परसांतल्या कोंबड्या माराव्या लागल्या. बातमी घाट चढून आली, आणि ज्यांच्याकडे रोग नव्हता त्यांनीही खुराडी मोडली. त्यातली बरीच पुन्हा बांधली गेली नाहीत.

अंड्याचे पैसे. कपाशीचे, सोयाबीनचे पैसे पुरुषाच्या नावावर येतात. अंड्याचे आणि भाजीच्या जुडीचे बाईच्या हातात येत. रक्कम लहान. दुकानदार अंडी घेई आणि चहापत्ती, साखर देई. बांगड्या, पोरीची वही, माहेरी जायचं एसटीचं तिकीट, गुपचूप भावाच्या हातावर ठेवलेले काही रुपये हे सगळं यातून. कुणाला विचारायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. या यादीत हे लिहिताना माझा हात सावकाश होतो, कारण बाकीच्या वस्तू कुठे ना कुठे विकत मिळतात. आज बचत गटाचं खातं असतं, पासबुकावर नाव असतं, ती मोठी गोष्ट आहे. पण गटात हप्ता असतो, बैठक असते, नोंद असते. अंड्याच्या पैशाची नोंद कुठेच नव्हती, म्हणूनच तो तिचा होता.

माळकरी घरात खुराडं नसे. जवळच जाळीचा देव आहे, महानुभावांचं मोठं स्थान. त्या पंथाच्या घरांतही नाही. तिथल्या बाया शेजारणीकडून कोंबडीखत घेत आणि बदल्यात वाल-दोडकी देत. मुसलमान मोहल्ल्यातली कोंबडीखताची पाटी माळकऱ्याच्या मिरचीला पडत होती आणि त्यात कुणाला वावगं वाटत नव्हतं.

अंबाडी. शेताच्या कडेनं तिची एक ओळ पेरत. कोवळी पानं भाजीला: ज्वारीच्या कण्या घालून शिजवायची आणि वरून लसणाची चुरचुरीत फोडणी ओतायची. झाड वाढलं की कापून नाल्याच्या पाण्यात कुजवायचं, साल सोलायची, वाळवायची, आणि त्या वाखाचे पोळ्याआधी नवे कासरे, मोरक्या वळायच्या. आता दोर नायलॉनचा, ज्वारी नाही, नाल्यात पाणी नाही. आपल्याच जिल्ह्यात, घाटाखाली भेंडवळला अक्षय तृतीयेला घटमांडणी होते. मातीच्या घटाभोवती अठरा धान्यं मांडतात, रात्रीतून ती कशी सरकली ते दुसऱ्या पहाटे बघून पीकपाण्याचं भाकीत सांगतात. त्या अठरांत अंबाडी आहे, करडई आहे, भादली आहे. भाकिताबद्दल ज्याचं त्यानं ठरवावं. मला त्या मांडणीचं मोल वाटतं ते वेगळ्या कारणानं: शेतातून उठलेली धान्यं दरवर्षी एका दिवसासाठी का होईना कुणीतरी शोधून आणतं.

त्याच अक्षय तृतीयेला परसात आळी करून वेलभाज्यांचं बी टोचायची रीत होती. उन्हाळ्यात घागरभर पाण्यावर रोप धरून ठेवायचं, मृगाच्या पावसाला ते मांडवावर चढायला तयार. आता मांडव घालायला तुराटी नाही, घागर फुकट नाही.

न पेरलेल्या भाज्या: घोळ, तांदुळजा, पाथरी, केना, तरोटा. यांना परसही लागत नव्हतं, बांध पुरत होता. तणनाशकाच्या एका फवाऱ्यात सगळ्या जातात. निंदायला बाई मिळत नाही, मिळाली तर रोज परवडत नाही, म्हणून फवारा. निंदणाऱ्या बाईच्या ओट्यात संध्याकाळची भाजी असे.

मिरची मात्र गेलेली नाही, तिनं जागा बदलली. परसातली चार झाडं उठली आणि शेतात ठिबक-मल्चिंगवर एकरांनी मिरची आली. धाड, पिंपळगाव रेणुकाई हा पट्टा हिरव्या मिरचीचा झाला. हंगामात गाड्या भरून माल बाहेरगावी जातो. भाव पडला की तोडणीचा रोजही निघत नाही. परसातल्या मिरचीला भाव नव्हता, त्यामुळे तो पडतही नव्हता.

जे टिकलं त्याचीही नोंद असावी. गोडनिंब आहे, जवळजवळ प्रत्येक घरी. शेवगा आहे. लिंबू आहे. पपई आपोआप उगवते. ही सगळी झाडं आहेत, एकदा लागली की मागत नाहीत फार. दरसाल पुन्हा पेरावं लागतं, राखावं लागतं, ते गेलं.

उमेद अभियानानं गटांच्या बायांसाठी ‘माझी पोषण परसबाग’ ही मोहीम चालवली. गोल वाफे, मध्ये खताचा खड्डा, कडेनं वेल. काही गावांत त्या बागा छान धरल्या. पुढल्या वर्षीचं बी याच वर्षीच्या वेलावरून घ्यायचं, एवढं एक काम त्यात पक्कं बसलं तर माझ्या यादीतलं पहिलं नाव खोडता येईल. त्या मोहिमेत कोंबडी असेल तर आणखी चांगलं, कारण खत आणायचं कुठून हा प्रश्न तिथेच सुटतो.

शेवटची नोंद वाट्याच्या कोंबडीची. जिच्याकडे खुडूक आहे पण अंडी नाहीत, आणि जिच्याकडे अंडी आहेत पण खुडूक नाही, अशा दोघींचा करार. अंडी एकीची, बसणं दुसरीच्या कोंबडीचं, पिल्लं निम्मी-निम्मी. विषम आलं तर एक पिल्लू बसवणारीचं, कारण दाणा तिचा गेला. घारीनं, बोक्यानं नेलं तर ते दोघींचं गेलं, त्यावरून भांडायचं नाही. करार तोंडी. गेल्या पावसाळ्यात धाडच्या बाजारात गावरान अंडी विकणाऱ्या एका काकूंना दुसरी बाई विचारत होती, “काकू, तुमच्याकडं खुडूक हाये का?” काकू म्हणाल्या, “हाये, पण बसलेली हाये. दिवाळीनंतर ये, अंडे तुह्ये आण.” दोघींनी वाटा तिथेच ठरवला, निम्मा-निम्मा, आणि दाण्यासाठी पायलीभर ज्वारी अंडीवालीनं आणायची. ज्वारीची ही अट नवी आहे.